बिनआवाजाचं दार

शाळेच्या ग्रंथालयाचं दार उघडलं की त्या मजल्यावरच्या सगळ्या वर्गांना कळायचं. दार जुनं आणि चांगलंच वजनदार. वरची बिजागरी सैल झालेली, त्यामुळे खालचा कोपरा फरशीला घासायचा आणि घासताना असा काही किंचाळायचा की परीक्षेला बसलेल्या पोरांच्या हातून पेन सुटावं. प्रत्येक नवा शिक्षक पहिल्या आठवड्यात विचारायचा, "या दाराला कुणी तेल घालत नाही का हो?" आणि पुढच्या आठवड्यापासून गप्प बसायचा.

दारासमोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, लांबट टेबलामागे ग्रंथपालबाई बसायच्या. स्वभाव कडक, आवाज खणखणीत, आणि पाठीमागच्या भिंतीवर त्यांच्याइतकीच कडक पाटी: 'शांतता राखा'. कुणी आत पाऊल टाकायच्या आतच बाई खाली मान घालून हाक मारायच्या. "उंटा, पाय पूस आधी." "टकळे, तोंड बाहेर ठेव आणि मग आत ये." नाव ठेवण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ओळखण्यात तर नव्हतंच. मान वर न करता, एकदाही न चुकता! पोरं म्हणायची, बाईंना कपाळात तिसरा डोळा आहे.

तिसऱ्याचं देव जाणे, पण पहिले दोन कामातून जात चालले होते. दोन्हीत मोतीबिंदू. जाड चष्मा लावून पुस्तक नाकाशी धरलं की अक्षर दिसायचं, पण टेबलापलीकडचं जग म्हणजे वाफ धरलेल्या काचेतून पाहावं तसं. दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे नुसता एक उभा डाग. पुस्तकांचं अडायचं नाही, कारण कुठल्या कपाटात कुठलं पुस्तक हे बाईंच्या हातांना पाठ होतं. आणि माणसांचं काम दार करायचं. दहावीतला तो ताडमाड उंट दार खांद्याने रेटायचा, तेव्हा ते एकदाच ओरडून भिंतीवर आपटायचं. टकळी दार अर्धं उघडून मागे वळून कुणाशी तरी बोलत राहायची, म्हणून ते मधेच अडकायचं. मुख्याध्यापिका मॅडम एकच सरळ, ठाम धक्का द्यायच्या. त्यांच्या हाताखाली दारसुद्धा शिस्तीत ओरडायचं.

आणि एक सातवीतली मुलगी होती. ती स्वभावाने इतकी भिडस्त की आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये म्हणून दार इंचाइंचाने ढकलायची. त्यामुळे झालं असं, की अख्ख्या शाळेत सगळ्यात लांब किंकाळी तिचीच. कुंई, थांब. कुंई, थांब. आतली पोरं हसायला लागायची आणि ती दाराच्या फटीतच लाल होऊन उभी. बाई मात्र त्या आवाजाची दुपारभर वाट पाहायच्या. "ये गं हळूबाई," त्या म्हणायच्या, आणि त्यांचा खणखणीत आवाज तेवढ्यापुरता मऊ व्हायचा. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काही पोरं उगीचच जवळची वाटतात, दुसरं काय.

डोळ्यांची गोष्ट फक्त धाकट्या बहिणीला ठाऊक होती. दोघी बहिणी एकत्र राहायच्या आणि एकमेकींवर मनसोक्त डाफरायच्या. त्या दिवशी सकाळी बाई एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बहिणीची चप्पल घालून निघाल्या, तेव्हा धाकटी दारात आडवी उभी राहिली.

"ताई, आता पुरे झालं. ऑपरेशन करून घे."

"तुझ्या चपलेचा रंग माझ्या चपलेसारखा आहे, त्याला मी काय करू?"

"तुझी काळी आहे आणि माझी लाल आहे!"

बाईंनी मुकाट्याने चप्पल बदलली. डोळ्याजवळ सुई येणार ही कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही, हे एक. पण खरी भीती वेगळी होती. मॅडमच्या डोक्यात ग्रंथालयाचं नवं रूप घोळत होतं. संगणक, गोल टेबलं, रंगीत खुर्च्या. अशात ग्रंथपालबाईंना दिसत नाही हे त्यांना कळलं, तर त्या गोड बोलून म्हणतील, "बाई, खूप केलंत, आता आराम करा." आराम! पोरांच्या हातात पुस्तक द्यायचं नाही, कुणाला ओरडायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही, याला आराम म्हणायचं? बाईंनी ठरवून टाकलं होतं की याचा कुणाला थांगपत्ता लागू द्यायचा नाही.

त्याच वर्षी शाळेत एक तरुण सर आले. हे सर खडू कमी आणि पोरांचे खांदे जास्त वापरायचे. म्हणजे पोरांच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "तुला काय वाटतं?" धडा शिकवायचा सोडून हे काय विचारणं, असं शिक्षकांच्या खोलीत बरेच दिवस चाललं. त्यांनी सातवीला प्रकल्प दिला. थर्माकोलचा ज्वालामुखी वगैरे नाही. शाळेतली एक खरीखुरी अडचण शोधा, गटाने मिळून ती सोडवा आणि काय केलंत ते सगळ्यांसमोर सांगा. त्यासाठी एक तक्ता होता. त्यात निरीक्षण, सहकार्य, प्रयोग, संवाद असे रकाने होते आणि प्रत्येकाची कुठली क्षमता किती वाढली ते त्यात लिहायचं होतं. बाईंनी तो तक्ता नाकाला लावून वाचला आणि म्हणाल्या, "पोरांना जरा पुस्तकंही वाचू द्या हो सर, म्हणजे त्याही क्षमतेला बरं वाटेल." सर मनापासून हसले, आणि तिथे बाईंना ते आवडून गेले.

हळूबाईच्या गटात टकळी होती आणि एक सतत काहीतरी मोजत बसणारा फूटपट्टी होता. अडचण शोधायची वेळ आली तेव्हा हळूबाई काहीतरी पुटपुटली. टकळीने कान तिच्या तोंडाशी नेला आणि वर्गाला ओरडून सांगितलं, "सर, ही म्हणतेय ग्रंथालयाचं दार!" वर्गात एकच हशा पिकला, पण सरांनी ते फळ्यावर लिहिलं. स्वतःचं म्हणणं फळ्यावर आलेलं हळूबाईने पहिल्यांदाच पाहिलं. ती कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत होती.

मग तिघं कामाला जुंपली. आधी विचारपूस. मधल्या सुट्टीत येईल त्याला धरून विचारायचं, दाराचा त्रास होतो का? होतो म्हणजे काय, डोकं उठतं! शिक्षकांनी सांगितलं, पोरांनी सांगितलं, शेजारच्या वर्गाने तर दोनदा सांगितलं. फक्त ज्या बाई रोज त्या दारासमोर बसायच्या, त्यांना कुणी विचारलं नाही. विसरून नाही, मुद्दाम. 'शांतता राखा' या पाटीखाली बसणाऱ्या माणसाला हा आवाज नकोसाच असणार, त्यात विचारायचं काय? उलट बाईंना चकित करायचं, असं हळूबाईनेच सुचवलं होतं. बाई आपल्याला इतक्या प्रेमाने हाक मारतात, त्यांना काहीतरी द्यावं, हे तिच्या मनात कधीचं होतं.

पहिल्यांदा तेल घालून पाहिलं. बाई जेवायला गेल्या की टकळी पहारा द्यायची. दोन दिवस दार जरा नरमलं आणि पुन्हा मूळपदावर आलं. मग फूटपट्टीने दाराच्या वरची फट मोजली, खालची मोजली आणि जाहीर केलं की दार वाकडं नाही, लोंबतंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू झिजलेल्या भोकात नुसतेच फिरत होते. सुट्टीच्या दिवशी शिपाईकाकांना हातापाया पडून शाळेत आणलं, दार उतरवलं, भोकांत लाकडाच्या काड्या आणि सरस ठोकून भरला, लांब स्क्रू पिळले, खालचा कोपरा रंध्याने उतरवला. रंधा हळूबाईने मारला. तिचा हात हलका आणि एकसारखा चालतो, हे तोवर कुणाला माहीतच नव्हतं. शिपाईकाका म्हणाले, "पोरी, तू बोलत नाहीस ते बरंय, हात बोलतोय तुझा." संध्याकाळी तिघांनी दार उघडून पाहिलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. नाही. मग तिघं वेड्यासारखी दार उघडत आणि लावत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नेहमीसारखा दाराला खांदा लावला आणि त्या जवळजवळ धावतच आत गेल्या. दाराजवळच्या कपाटाचा आधार सापडला म्हणून बरं. आत तिघं वाट बघत उभी होती. टाळ्या वाजल्या. टकळीने एका दमात सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "आणि बाई, ही कल्पना हिची बरं का!"

आता दारात कोण आलं ते कळणार कसं, हे बाईंच्या लगेच ध्यानात आलं. पण समोर एक लहानसा निळा डाग अगदी स्तब्ध उभा होता आणि आपल्या तोंडून काय निघतंय याची वाट पाहत होता, एवढं त्यांना दिसत होतं. "वा!" बाई म्हणाल्या. "किती वर्षांचं दुखणं घालवलंत रे बाळांनो." इतकं सफाईदार खोटं त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

त्यानंतरचे दिवस बाईंचे फार वाईट गेले. दार उघडलंय की लागलंय तेच कळेना. डाग अचानक टेबलासमोर उगवायचे. बाई दचकायच्या, आणि दचकलेलं कळू नये म्हणून ओरडायच्या. पोरं आपसांत म्हणू लागली की बाई हल्ली चिडचिड्या झाल्यात. एका दुपारी खोलीत एक उंच, करडा डाग येऊन उभा राहिला. दहावीचा गणवेश करडाच. बाई तडकल्या, "उंटा, चिखलाचे पाय घेऊन आलास? जा, आधी बाहेर जाऊन पूस!" डाग निमूटपणे बाहेर गेला. पायपुसण्यावर पाय पुसल्याचा आवाज आला. मग मॅडमचा आवाज आला, "बाई, ती नव्या पुस्तकांची यादी हवी होती." बाईंनी घाईघाईने खण उघडला. मॅडमनी यादी घेतली आणि झाल्या प्रकाराचा उल्लेखही न करता त्या निघून गेल्या. ते न बोलणं बाईंना आणखीच लागलं.

त्याच आठवड्यात हळूबाई पुस्तक बदलायला आली. दार न वाजता उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या हाकेची वाट पाहू लागली. हाक आली नाही. बाई पुस्तकाचं पान नाकाला टेकवून वाचत होत्या, मधेच थांबून डोळे पुसत होत्या, पुन्हा टेकवत होत्या. हळूबाई आत आली, टेबलापर्यंत आली. बाईंनी एकदम वर पाहिलं आणि सरळ तिच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "कोण?"

हळूबाईने पुस्तक ठेवलं आणि ती निघून गेली. ज्यांनी आपल्याला न बघता रोज ओळखलं, त्यांना आज बघूनही ओळखता आलं नाही. का ते तिला तिथेच कळलं. जिन्याखाली बसून ती खूप रडली. आपण त्यांना काय द्यायला गेलो आणि त्यांचं काय काढून घेतलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

प्रकल्प मांडायच्या दिवशी सभागृह भरलं होतं. समोर सर आणि मॅडम बसले होते, बाजूच्या खुर्चीवर बाई. दार वापरणारं माणूस म्हणून सरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. टकळीने रंगात येऊन सांगितलं, फूटपट्टीने सरांच्या फोनवर मोजलेल्या आवाजाचा आलेख दाखवला. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "बाई, तुम्ही दोन शब्द बोला."

बाई उठल्या. त्यांचं ठरलेलं होतं. "छान केलंय," त्या म्हणाल्या. "मी समाधानी आहे." आणि बसल्या.

मॅडमनी शेवटचा, नेहमीचा प्रश्न विचारला. "मग या प्रकल्पाने कुणाची अडचण सुटली?"

टकळीने तोंड उघडलं, पण त्याआधीच पलीकडून आवाज आला. "मॅडम, आमचं चुकलंय."

टकळीने चमकून बाजूला पाहिलं. हळूबाई बोलत होती आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. "आम्ही सगळ्यांना विचारलं, फक्त बाईंना विचारलं नाही. बाई सारख्या कामात असतात, मान खाली असते त्यांची. कोण आलं ते त्यांना दार सांगायचं. प्रत्येकाचा आवाज वेगळा होता. तो आम्ही बंद केला. आमची कल्पना, म्हणजे माझी कल्पना, बरोबर नव्हती. बाई आमचं मन मोडायला नको म्हणून छान म्हणतायत. तुम्ही संवादाच्या रकान्यात आम्हाला काही देऊ नका."

बाई खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसल्या होत्या. पोरीने सगळं सांगितलं होतं आणि नेमकं एक गाळलं होतं. डोळ्यांचा शब्द तिने काढला नव्हता. कामात असतात म्हणे, मान खाली असते म्हणे! तिला कळलेलं होतं, आणि कळूनही ती आपल्यावर पांघरूण घालत होती. वर्गात ज्या पोरीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती आपल्यासाठी सगळ्या शाळेसमोर उभी राहून स्वतःची चूक कबूल करते, आणि आपण एवढ्या मोठ्या बाई, तोंड शिवून बसायचं? बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की त्यांना बसवेना. त्या पुन्हा उठल्या.

"ही खरं सांगतेय, पण अर्धंच," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही मॅडम. पुष्कळ दिवस झाले. मी लपवलं. इथून जावं लागेल म्हणून लपवलं. दाराच्या आवाजावर मी माणसं ओळखायची आणि रुबाब करायची, की माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

मॅडमनी हातातला तक्ता मांडीवर ठेवला आणि त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी उंट मी होते तर."

आधी सर हसले, मग टकळी, मग सगळं सभागृह. बाई एकाच वेळी हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

"मी घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले हो," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, मान खरंच लांब आहे की काय! बाई, रंगीत खुर्च्यांवर तुमच्याशिवाय पोरांना बसवणार कोण? त्या मी कुणाच्या जिवावर आणतेय? सुट्टी घ्या, डोळे करून या. तोवर ग्रंथालय ही तिघं सांभाळतील. आणि सर, यांचा प्रकल्प अजून संपलेला नाही, असं लिहा."

दुसऱ्या दिवशी तिघं वही घेऊन बाईंसमोर बसली आणि जे पहिल्या दिवशी विचारायचं ते आता विचारलं. तुम्हाला काय हवंय? टकळीने सुचवलं, दाराला छोटी घंटा बांधू. बाई म्हणाल्या, "घंटा सगळ्यांसाठी सारखीच वाजते गं. मग तू कोण आणि मॅडम कोण, मला कसं कळायचं?" फूटपट्टीने डोकं खाजवलं. म्हणजे आता दार पुन्हा बिघडवायचं, आणि तेही बेताने. शेजारच्या वर्गाचं डोकं उठता कामा नये आणि प्रत्येकाचा हात तर ओळखू आला पाहिजे. आवाज घालवणं सोपं होतं, हवा तेवढाच परत आणणं महाकठीण निघालं. बाई सुट्टीवर गेल्या तेव्हा तिघं खालच्या बिजागरीत चामड्याचा तुकडा घालून काढून बघत होती.

आधी एका डोळ्याचं आणि काही दिवसांनी दुसऱ्याचं ऑपरेशन झालं; दोन्ही वेळा बाईंनी धाकटीचा हात सोडला नाही आणि तिच्यावर डाफरायचंही सोडलं नाही. पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसली ती धाकटी. "किती पांढरी झालीस गं तू," त्या म्हणाल्या. धाकटी म्हणाली, "तू आरसा बघ आधी."

बाई शाळेत परतल्या. टेबल, कपाटं, पाटी, सगळं ठसठशीत. पाटीवर इतकी धूळ होती की शांतताही नीट वाचता येत नव्हती, हेही त्यांना आजच कळलं. दार ढकलून पाहिलं तर ते बारीकसं, लाकडी, घरगुती कुरकुरलं. बाई खूश होऊन खुर्चीत बसल्या आणि जुन्या सवयीने मान खाली घालून ऐकू लागल्या. दार खांद्याने रेटल्यासारखं एकदाच कुरकुरलं. "उंटा!" बाई म्हणाल्या, आणि उंटच निघाला. दार मधेच अडकलं, टकळी आली. जुनी जादू शाबूत होती. आता त्यांना फक्त एक आवाज ऐकायचा होता. थांबत थांबत येणारा.

मधली सुट्टी झाली. दाराला एकच सरळ, ठाम धक्का बसला.

बाई लगबगीने अर्ध्या उठल्या. "या मॅडम," म्हणत त्यांनी वर पाहिलं.

दारात सातवीतली एक किरकोळ पोर उभी होती. काखेत पुस्तक, मान ताठ. हा चेहरा बाईंनी कधीच पाहिला नव्हता. गालावर बारीक तीळ, पुढच्या दोन दातांत फट. ती फट दिसत होती, कारण पोरगी बाईंकडे बघून तोंडभर हसत होती. रोज हाक मारली की ती अशीच हसत असणार, इतके दिवस, दारात उभी राहून, आणि बाईंना त्यातलं एकदाही दिसलं नव्हतं.

"ओळखलं नाहीत ना, बाई?" तिने विचारलं.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "दार फार वेगळं उघडलंस." मग त्यांनी चष्मा नसलेल्या नाकावर सवयीने बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "ये. इकडे ये, जवळ ये. मला नीट बघू दे तुला."